अर्धा गंज

ग्रीजचा वास आला की चिखला गावातल्या आमच्या अंगणात जॅकवर उभी असलेली बाबांची जुनी अँबेसेडर मला आठवते. बुद्धपौर्णिमेची खीर आजी दरवर्षी गाडीतून करडीच्या विहारात नेई. मांडीवरचा गंज, म्हणजे खिरीचे पातेले, हिंदकळू नये म्हणून तो अर्धाच भरी, उरलेली खीर घरी राही आणि नेलेली विहारातल्या शेवटच्या पंगतीला कधीच पुरत नसे. अभियांत्रिकीच्या सुट्टीत मी पुढच्या चाकांचे जुने शॉक अ‍ॅब्सॉर्बर काढले आणि तुमसरहून पट्ट्या वेल्ड करून आणून त्यांवर उभे, नळीसारखे नवे बसवले. "चालत्या गाडीले काहून खोलून राहिली वो?" बाबा कुरकुरले. पौर्णिमेच्या सकाळी आजीने माझ्या काळ्या नखांकडे पाहिले आणि गंज नेहमीसारखा अर्धाच भरला. मँगनीजच्या ट्रकांनी उखडलेल्या रस्त्यावर गाडी संथ डुलत गेली; खीर जराशी हलली, एवढेच. खराब पट्टा संपताच आजी गाडी चालवणाऱ्या बाबांना म्हणाली, "गाडी वापस घे रे. घरची खीर बी आणू." आज नव्या गाड्यांच्या हादऱ्यांच्या चाचणीचे आलेख माझ्या टेबलावर येतात, ते वाचताना मी मनातल्या मनात मागच्या सीटवर काठोकाठ भरलेला गंज ठेवते.