मल्हारीचं नवं पोट

सोनमनं मल्हारीला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो माणूस आहे हेच तिच्या ध्यानात आलं नाही. तिला वाटलं, दौंड स्टेशनची तिकीट खिडकी कोणीतरी गादी कोंबून बंद केली आहे. मग त्या गादीतून एक हात बाहेर आला, पैसे घेऊन आत गेला आणि पुण्याचं तिकीट घेऊन परत आला. रांगेतली जुनी माणसं सांगत, की मल्हारी कागदाचा रोल आणायला खुर्चीतून उठला की आतल्या ट्यूबलाइटचा उजेड एकदम बाहेर पडतो आणि पुढचे दोघे-तिघे डोळ्यांवर हात धरतात.

मामाकडं राहून पुण्याच्या कॉलेजात जाणारी ही इनामगावची मुलगी तिकीट घेऊन निघाली आणि जेवणाचा डबा खिडकीतच विसरली. ती प्लॅटफॉर्मच्या मध्यावर पोचते न पोचते तोच जमीन हादरायला लागली. माणसं पिवळ्या रेघेच्या मागं सरली. "थ्रू गाडी हाय, थ्रू गाडी! पोरं धरा!" असं एक हमाल ओरडला. सिग्नल लाल असताना गाडी आली कुठून, हे बघायला स्टेशनमास्तर चहा टाकून बाहेर आले.

ती गाडी म्हणजे मल्हारी होता.

"डबा इसरला तुमचा," तो म्हणाला, आणि पुढचं वाक्य बोलण्याइतका श्वास जमेपर्यंत सोनमची पुण्याची गाडी निघून गेली.

डब्यात बाजरीची भाकरी आणि झणझणीत सुकट होती. वास झाकणाला जुमानत नव्हता. आणि तरीही खिडकीपासून तिथवर मल्हारीनं तो डबा न उघडता आणला होता! सोनमनं त्याच्याशी लग्न केलं ते यामुळं. ज्या घरात ती सून म्हणून गेली, त्या घरातली माणसं ही गोष्ट अजूनही खरी मानत नाहीत.

ते घर कवठे येमाईला. मेंढरांमागं फिरणारं धनगर घराणं, मल्हारीच्या वडिलांच्या वेळी शेतीत स्थिरावलेलं. वडील गेले, आई भामाबाई होत्या. त्यांचं लहानपण कळपामागं चालण्यात गेलेलं. पुढच्या मुक्कामाला भाकरी मिळेलच अशी खात्री तेव्हा नसे. त्यामुळं लेकाच्या अंगावर चढलेला प्रत्येक किलो त्यांना बँकेतल्या ठेवीसारखा वाटे. मल्हारी काही हावरा नव्हता. त्याला 'नको' म्हणता येत नसे, एवढंच. आईनं वाढलं, नको म्हणायचं नाही. चुलतीनं वाढलं, ती रुसेल. शेजारणीनं वाढलं, तिला काय वाटेल. अशा सगळ्यांच्या भावना जपत जपत तो एकशे अडतीस किलोला पोचला.

मग त्या भावना शरीरात बोलायला लागल्या. उजवा गुडघा दुखायला लागला. रक्तातली साखर इन्सुलिनचं ऐकेना. झोपेत त्याचा श्वास मध्येच थांबायचा, आणि तो पुन्हा सुरू होईपर्यंत सोनमचाही थांबायचा. शेवटी तीच त्याला पुण्याच्या एका दवाखान्यात घेऊन गेली.

डॉक्टर म्हणाले, "तुमचं जठर आत्ता कळशीएवढं आहे. वरचा लिंबाएवढा भाग वेगळा करायचा आणि आतडं थेट त्याला जोडायचं. म्हणजे भूक कमी, अन्न कमी, साखरही आटोक्यात."

"आन् बाकीची कळशी?" मल्हारीनं विचारलं.

"आतच राहील. तिच्यात अन्न जाणार नाही."

"रिकामी?" एवढं बोलून मल्हारीनं डोळे पुसले.

सोनमनं मात्र कोरड्या डोळ्यांनी सगळं ऐकून घेतलं. आधी काही दिवस नुसतं पातळ, म्हणजे यकृत आकसतं आणि दुर्बिणीला वाट मिळते. पोटावर चार-पाच भोकं. त्याच संध्याकाळी उठून चालायचं. नंतर घोट घोट पाणी, मग पातळ, मग मिक्सरमधून काढलेलं, मग मऊ. जेवताना पाणी नाही. गोड तर नाहीच नाही. केस गळतील. जीवनसत्त्वांच्या गोळ्या जन्मभर. आणि सगळ्यात महत्त्वाचं डॉक्टरांनी शेवटी सांगितलं.

"आतला जोड गळायला लागला, तर जिवाशी गाठ असते. क्वचित होतं, पण सुरुवातीच्या आठवड्यांत होऊ शकतं. पोट दुखेल, ताप येईल, नाडी पळत सुटेल. नाडी एकशेवीसच्या वर जाऊन उतरेना, तर विचार करत बसू नका. निघा."

सोनम तिथंच नर्सकडून नाडी मोजायला शिकली.

भामाबाईंना हे कळलं तेव्हा त्या चुलीपुढून उठल्या. "जित्या माणसाचं धडधाकट प्वाट कापायचं? त्यानं काय कुणाचं खाल्लंय? आपल्या घरचंच खातोय न्हवं! सोनम, माझ्या लेकाचं काय बरंवाईट झालं, तर ते तुझ्या दारात, सांगून ठेवते."

"व्हय आत्या," सोनम म्हणाली. "माझ्याच दारात."

ऑपरेशन सरळ पार पडलं. मल्हारी विश्रांतीला गावी आला, आणि सोनमला कळलं की अवघड भाग दवाखान्यात नव्हताच. त्याला जेवायला चहाचा चमचा. एक चमचा वरण, चमचा खाली ठेवायचा, थांबायचं, मग दुसरा. वाटीभर वरणाला अर्धा तास लागे. हा सोहळा भामाबाई दारात बसून तुरुंगातला छळ बघावा तशा बघत.

"चिमनी तरी एवढ्याव जगंल का गं?"

भेटायला येणारा प्रत्येक पाहुणा काहीतरी घेऊन यायचा. डिंकाचे लाडू आले, आळीवाची खीर आली, एकानं तर जिवंत कोंबडा आणून दारात बांधला. सोनम सगळ्यांना हसून परत पाठवायची. "सुनंनं लेकाला उपाशी मारायला काढलंय," असं गावात बोललं जाऊ लागलं, आणि बोलणारे तिच्याच हातचा चहा पिऊन जात होते.

अशात चंपाषष्ठी आली. खंडोबाची तळी थोरल्या लेकानंच उचलायची, हा घरचा रिवाज. अंगणात भावकी जमली, ढोल आला. ताम्हणात भंडारा, खोबरं, सुपारी मांडली. सोनम बायकांबरोबर ओसरीत रोडगे आणि वांग्याचं भरीत लावत होती. मल्हारी देवघरात आईपाशी होता. आता देवघरात माणसाला काय धोका असणार, असं तिला वाटलं.

मल्हारी बाहेर आला आणि पाच जणांत उभा राहिला. त्याचे चुलते शंभू आप्पा हे भावकीतले जाणते. त्यांनी खणखणीत आवाजात सुरुवात केली, "सदानंदाचा येळकोट!"

"येळकोट येळकोट जय मल्हार!"

तळी एकदा उचलली, खाली टेकवली. दुसऱ्यांदा उचलली आणि ताम्हण थरथरायला लागलं. सुपाऱ्या वाजल्या. सोनमनं मान वर केली. मल्हारीचा चेहरा पांढराफटक पडला होता. कपाळावरून घाम ओघळत होता, ओठ हलत होते, दोन्ही हात लटलटत होते. एक लांब हुंकार काढून तो मटकन खाली बसला.

"आलं! अंगात आलं!" कोणीतरी ओरडलं. ढोल दुप्पट वाजायला लागला. चारी बाजूंनी भंडारा उधळला गेला आणि क्षणात मल्हारी पिवळाधमक झाला. आता त्याचा खरा रंग कोणालाच दिसेना.

सोनम घुसली. तिनं मनगट पकडलं, घड्याळाकडं पाहिलं. एकशे बत्तीस.

"अहो, काय खाल्लंत का? गोड काही?"

मल्हारीनं डोळे किलकिले केले. नजर तिच्या खांद्यावरून मागं आईकडं गेली. त्यानं मान हलवली. नाही.

खाल्लं नाही म्हणजे जोड गळतोय. दुसरं काही असूच शकत नव्हतं.

"ज्ञानेश, जीप काढ!" ती शेजारच्या पोराला म्हणाली. ज्ञानेश हात जोडून उभा होता. देवाला आपल्या लग्नाचं विचारायला त्यानं नंबर लावला होता.

शंभू आप्पांनी तिला बाजूला केलं. "सुनबाई, देवाला 'अहो' म्हनत्यात व्हय? मागं व्हा. वारं उतरल्याबिगर अंगनातनं हलवायचं न्हाई."

"आप्पा, ह्यो देव न्हाई! ह्यांच्या पोटातलं टाकं..."

"असं बोलू नये. देवा, बोल! काय हुकूम?"

"पाणी..." मल्हारी कण्हला.

"ऐकलं का? पानी! कालव्याला पानी सुटनार!" गर्दीत आनंदाची लाट उसळली. "देवा, माझ्या पोराचं रांजणगावच्या कंपनीत परमनंटचं काय?" मल्हारी पोट धरून "आई गं" म्हणाला, आणि पोराच्या बापानं कृतकृत्य होऊन जमिनीला डोकं टेकवलं.

सोनम गर्दीबाहेर ढकलली गेली होती. कपाळाला हात लावून ताप बघायचा होता, तेवढंही कोणी करू देत नव्हतं. बायकोनं ओरडून इथं काही होणार नव्हतं. इथं बायकोचं ऐकायलाच कोणी नव्हतं. ऐकलं जात होतं फक्त सवाल विचारणाऱ्याचं.

तिनं पदर डोक्यावरून घेतला. हात जोडले. आवाज काढला तो थेट देवळात काढतात तसा.

"आप्पा, माझा बी एक सवाल हाय."

आप्पा विरघळले. "आता कसं! इचार, बाय."

गर्दीनं वाट दिली. सोनमनं गुडघे टेकले, दोन्ही हातांनी देवाचा हात कपाळाला लावला. कपाळाला लावता लावता बोटं नाडीवर ठेवली. हात गार होता, घामानं चिंब. म्हणजे ताप नसावा. पण नाडी तशीच पळत होती.

"देवा, आता देवघरात तुम्ही काय खाल्लंत?"

ढोल थांबला. असा सवाल त्या अंगणात आजवर कोणी केला नव्हता.

"खरं सांगा, देवा. तुमच्या ह्या भक्ताचा जीव त्याच्यावर हाय."

मल्हारीनं पुन्हा आईकडं पाहिलं. मग सोनमकडं. बायकोला खोटं सांगणं त्याला जमलं होतं. पण सगळ्या भावकीसमोर देव म्हणून खोटं बोलायचं, ही गोष्ट मात्र त्याच्या ताकदीबाहेरची होती.

"गुळवनी," देव म्हणाला.

"किती?"

"वाटीभर."

"देवा?"

"दोन वाट्या. आन् पुरन. बोटानं."

मागून कोणीतरी फिस्सकन हसलं आणि लगेच गप्प झालं. भामाबाई दाराच्या चौकटीला धरून खाली बसल्या.

"मागितलं गं त्यानं," त्या म्हणाल्या. "येवढ्या दिसांत पहिल्यांदा काय तरी मागितलं. पोटच्या पोरानं नैवेद्याकडं बघून मागितलं, आन् म्या न्हाई म्हनू?"

सोनमनं तिकडं लक्ष दिलं नाही. "देवा, जीपमधी बसता का?"

"व्हय."

"देवाचा हुकूम झाला, आप्पा," सोनम उठत म्हणाली. देवाच्या हुकमापुढं आप्पांचं काही चालत नव्हतं. चौघांनी मल्हारीला उचललं, आणि ज्ञानेश आपला सवाल गिळून स्टिअरिंगवर बसला. भामाबाई कोणी न सांगता पुढच्या सीटवर चढल्या.

रस्त्याला लागताच सोनमनं दवाखान्यातल्या आहारतज्ज्ञ ऋतिका मॅडमना फोन लावला. त्या म्हणाल्या, "गूळ जठरात न थांबता थेट आतड्यात उतरला की असंच होतं. घाम, थरथर, धडधड, पोटात कळा. आडवं झोपवा. बहुतेक तासाभरात आपोआप ओसरेल. पण दोन वाट्या म्हणजे नव्या जोडावर ताण आला असणार. नाडी उतरली नाही तर वाटेत कुठं थांबू नका."

म्हणजे अजून काहीच ठरलं नव्हतं. मल्हारी सोनमच्या मांडीवर डोकं ठेवून पडला. जीप खड्ड्यात आदळली की तो विव्हळायचा.

"मला का खोटं सांगितलंत?"

"आई म्हनाली, सोनमला सांगू नगं."

पुढच्या सीटवर पदराची हालचाल झाली. मग भामाबाईंनी वळून न बघता विचारलं, "किती झाली?"

"एकशे अठ्ठावीस."

दोन वळणं गेली. "आता?"

"तेवढीच, आत्या."

"नीट मोज की गं."

शिरूर जवळ आलं तेव्हा मल्हारी एकदम उठून बसला. डोळे मोठे झालेले. "ज्ञानेश, थांबव!"

"थांबू नकोस!" सोनम किंचाळली.

"थांबव म्हनतो ना!"

त्या आवाजात इतका हुकूम होता की ज्ञानेशचा पाय आपोआप ब्रेकवर गेला. मल्हारीनं सीटखालची पाण्याची बाटली उचलली आणि, सगळ्या दौंड स्टेशननं पाहिला नसेल अशा वेगानं, तो भंडाऱ्यानं माखलेला देव रस्त्याकडेच्या उसात शिरला. ऊस बराच वेळ हलत होता. सोनम बांधावर उभी राहून दर थोड्या वेळानं "आहात ना?" असं विचारत होती, आणि आतून "हाय" असं येत होतं. एकदा उत्तर यायला उशीर झाला तेव्हा भामाबाई चप्पल न घालताच उसाकडं धावल्या.

तो बाहेर आला तेव्हा पाय लटपटत होते, पण चेहऱ्यावर भंडाऱ्याखाली माणसाचा रंग आला होता. सोनमनं बांधावरच मनगट धरलं. तिनं मोजलं, पुन्हा मोजलं, आणि मग भामाबाईंना जवळ बोलावून त्यांची बोटं तिथं ठेवली.

"सांगा तुम्हीच."

"मला कुठं मोजता येतंय!"

"पळतीय का चालतीय, येवढंच सांगा."

भामाबाईंनी डोळे मिटले. जन्मभर कळपामागं ऐकत आलेल्या कानांनी त्यांनी ते ठोके ऐकले. "चालतीय," त्या म्हणाल्या.

तरीही ते पुण्याला गेले. डॉक्टरांनी तपासलं, जोड शाबूत असल्याचं सांगितलं, आणि तिघांनाही बसवून घेऊन गुळवणी या विषयावर बरंच बोलले.

दीड वर्षात मल्हारीचं वजन ब्याऐंशी किलोवर आलं आणि तिथंच थांबलं. इन्सुलिन बंद झालं. उजवा गुडघा मात्र अजून दुखतो.