पलीकडचा डोह

एकोणीसशे सत्तरच्या पुढची वर्षं असतील. माझी ताई वर्धा नदीच्या पलीकडच्या गावात, यवतमाळ जिल्ह्यात दिलेली. पुढं मला सासर मिळालं ते बरोबर तिच्या समोर, अलीकडच्या काठावर. "दोघी बहिणी एका नदीचं पानी प्यान," आई कौतुकानं म्हणाली.

नदी एक होती, पाणी एक नव्हतं. आमच्या गावाशी नदी वळण घेते. सगळी धार पलीकडच्या काठाला जाऊन भिडायची. तिथं काळाभोर डोह होता, उन्हाळ्यातही न आटणारा. आमच्याकडं नुसती रेती. त्यात गावचा नाला आमच्याच काठाला मिळायचा आणि त्याचं गढूळ पाणी लांबवर कडेकडेनंच वाहत राहायचं. उन्हाळ्यात आम्ही रेतीत झिरा उकरून वाटीवाटीनं घागर भरायचो, तरी पाण्याला शेवाळाचा वास यायचा. समोर ताई डोहात घागर बुडवायची नि एका दमात कमरेवर घ्यायची. मी वर बघायचीच नाही.

मासोळीचंही तेच. भाऊजींच्या जाळ्यात मरळ यायची, वाम यायची, आमच्याकडं नुसते बारके झिंगे. ताई डब्यातून रस्सा पाठवायची. तो खाऊन आमचे हे बोटं चाटायचे, तेव्हा मी रिकामा डबा आपटून विचारायची,

"तुमाले काऊन नाई गावत असे मासे?"

"डोह तिकडं हाय, मी काय करू?"

मग एका श्रावणात मोठा पूर आला. ओसरला तेव्हा धार आमच्या बाजूला सरकली होती. ताईचा डोह गाळानं भरून गेला आणि खोल पाणी आमच्या काठाखाली आलं. पुरानं आमच्या वावराची कडही नेली. सासरे कपाळाला हात लावून बसले. मी मात्र मनातून हरखले होते.

उन्हाळ्यात ताई वरच्या उथळ पाण्यातून नदी उतरून आमच्याकडं पाण्याला आली. तिचं तोंड उतरलेलं मला बघायचं होतं. तिनं घागर भरली, पदरानं घाम पुसला आणि काठावर ऐसपैस बसली.

"बरं झालं बाई. आता रोज तुह्याशी बोलनं होते."

"तुले वाईट नाई वाटत? डोह गेला ना तुमचा."

"डोह का माह्या बापाचा होता?" ती हसली. "अन् पाह्य, गाळ किती पडला! तुह्या भाऊजीनं टरबुजाची वाडी केली त्याच्यात."

ती वाडी आमच्या काठावरून हिरवीगार दिसायची. आमच्याच वावराची माती वाहून तिच्या दारी पडली, असं मला वाटायचं. गाळ नदीच्या वरच्या अंगानं वाहत आला, हे सासऱ्यांनी सांगूनही पटेना.

वैशाखात ताई डोक्यावर भलंमोठं टरबूज घेऊन आली. घरात सगळे तुटून पडले. माझी फोड तशीच राहिली.

"खाय ना, गोड हाय."

"मले खोकला हाय," मी म्हटलं.

ती नदी उतरून पलीकडं पोचेपर्यंत मी दारात उभी होते. मग चुलीपाशी बसून ती फोड खाल्ली. पार सालापर्यंत गोड होती.