समुद्राचे गुणवत्ता निरीक्षक

समुद्र नीट चालतो की नाही हे पाहण्याची जबाबदारी आपल्यावर आहे, असे मानणारा माणूस चाकणपासून थेरगावपर्यंत एकच होता आणि तो माझ्या वरच्या मजल्यावर राहत असे. मूळचे लातूरकडचे हे गृहस्थ चाकणच्या एका कंपनीत सुटे भाग तपासत. समुद्र त्यांनी चाळिशीपर्यंत पाहिला नव्हता. पुढे कुठेतरी वाचले, की समुद्रात जीवांच्या किती जाती आहेत हे अजून कोणालाच सांगता येत नाही. त्या दिवसापासून माझी संध्याकाळ गेली. शिफ्ट सुटली की ते चपला न काढता दारातून विचारत, "भाऊ, स्टॉक न घेता एवढं मोठं गोडाऊन चालवायलेत कसं? अन् एक जात गेली तर लाइन बंद पडते, का दुसरी तिचं काम उचलते?" मला माहीत नाही, असे मी सांगे. "तुमालाच न्हाई, कुणालाच माहीत न्हाई," असे म्हणून ते बसत. उठत मात्र नसत. एकदा काळेवाडीच्या बाजारात त्यांनी मासळीवालीला बांगडा दाखवून विचारले, "मावशी, हा समुद्रात काय काम करत होता?" ती म्हणाली, "माझं पोट भरत होता. घ्यायचा तर घ्या, न्हाईतर सरका." मी त्यांच्या शेजारी उभा होतो. त्या बाजारात मी पुन्हा गेलेलो नाही.

कंपनीची सहल कोकणात गेली, तेव्हा इतरांनी आंबावडी आणली. यांनी कॅन भरून समुद्र आणला. त्यासोबत शेवाळलेले दगड, सहा जिवंत शंख आणि अंगठ्याएवढा एक मासा होता. बसमध्ये एक कॅन सांडला. घरी वहिनींनी "तो नाहीतर मी" असे स्पष्ट केले, म्हणून काचेची टाकी माझ्या हॉलमध्ये आली. मला कोणी विचारले नाही. माशावर त्यांचा जीव होता. तो दिसला की ते "हजर!" असे ओरडत, आणि तो नेहमी हजरच असे. शंखांवर मात्र राग होता. त्यांच्या कंपनीत एक पद्धत आहे : ज्या वस्तूचा उपयोग कोणाला सांगता येत नाही, तिला लाल चिठ्ठी लावायची आणि मुदतीत कोणी दावा केला नाही तर ती बाहेर काढायची. एका रविवारी ते सकाळपासून घड्याळ घेऊन टाकीसमोर बसले. "आठ तासांत वीतभर सरकलं न्हाई. हे काय काम करायलंय, सांगा बरं!" काचेला सहा लाल चिठ्ठ्या लागल्या. आठवड्याने पाच शंख बाहेर गेले. सहावा दगडाच्या कपारीत घट्ट बसला होता, तो निघाला नाही.

पंधरा दिवसांत काच हिरवी झाली, मग पाणी. मासा वर येऊन तोंड उघडू लागला. एका सकाळी तो हजर नव्हता.

चार दिवस ते खाली आले नाहीत. मला बरे वाटायला हवे होते. पाचव्या दिवशी आले, ते चपला बाहेर काढून. हातात कंपनीच्या नमुन्यातला दोष-अहवाल होता. दोष : निरीक्षकाचा. कारण : काम दिसले नाही म्हणून काम नाही असे धरले. "भाऊ, काच ते शंखच पुसत होते," ते म्हणाले, "आपल्याला पुसताना दिसले न्हाईत, एवढंच." उरलेल्या शंखाची लाल चिठ्ठी काढून त्यांनी हिरवी लावली : उपयोग माहीत नाही. राहू द्यावे.

यंदा कंपनीने त्यांची बदली दुसऱ्या राज्यातल्या कारखान्यात केली. टाकी अर्थातच माझ्याकडे राहिली. शिफ्ट सुटली की फोन येतो, "सरकलं का?" मी वैतागून "हो" म्हणतो आणि ठेवतो. काल फोन आला नाही. शंखाने काचेवर बोटभर रुंदीची स्वच्छ वाट केली होती. मी खुर्ची ओढून तिच्यासमोर बसलो, आणि बराच वेळ उठलो नाही.