आमची चोंबडी

अमावस्येला मुद्दाम केस मोकळे सोडून फिरणारी बाई मी. भुताखेतांचं मला सांगू नका. तरी हे सांगतेच...

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. अंधेरीला, मरोळच्या एका गाळ्यात आमचं ऑफिस. कॉम्प्युटरला माउस असणं हीच तेव्हा बातमी! मी तेवीस-चोवीसची, प्रोग्रामर — आणि अक्कल अशी, की चुका होतात त्या दुसऱ्यांकडूनच.

मी एक प्रोग्राम लिहिला होता. पडद्यावरच्या बटणांवर, चौकटींवर तो नजर ठेवायचा. रंग, रुंदी, वरची अक्षरं — काहीही बदललं की 'टुंग', आणि खाली ओळ: आधी काय होतं, आता काय झालं. शेजारच्या टेबलावरच्या सुषमाने त्याचं नाव ठेवलं 'चोंबडी'. मला आमची आजीच आठवली. घाटकोपरच्या चाळीत दारात बसून तीही अशीच — "रिबिन बदललंस गो? सकाळी तांबडी होती." तिला जाऊन तेव्हा वर्ष झालं होतं.

त्या दुपारी गिऱ्हाइकांसमोर डेमो. जमला तर नोकरी पक्की; नाहीतर आईने कणकवलीचं स्थळ तयारच ठेवलेलं.

"सगळं तपासलंय, सर," मी प्रधान साहेबांना सांगितलं. काय तो तोरा!

तेवढ्यात — टुंग. कीबोर्डला कोणाचा हातही नव्हता. खाली इंग्रजी अक्षरांत ओळ: आधी OK, आता BARA.

"बारा?" सुषमा खिदळली. "बारा वाजले गं तुझ्या डेमोचे!"

मी मात्र ती ओळ पुन्हा वाचली. ते बारा नव्हतं... 'बरां' होतं. लहानपणी मी "अभ्यास झाला" म्हटलं की आजी सुपारी कातरत, मान वर न करता मालवणीत म्हणायची, "बरां." म्हणजे — थापा मारू नकोस, परत बघ.

मुकाट्याने परत बघितलं. दोन चौकटी मी एकमेकींवर नजर ठेवायला बसवल्या होत्या. ही बदलली की ती बदलणार, ती बदलली की पुन्हा ही... गिऱ्हाइकांनी पहिला आकडा टाकला असता, तर मशीन जागीच ठप्प! एकीची नजर काढली. डेमो झकास झाला, नोकरी टिकली, कणकवलीचा मुलगा सुटला.

बटणावर केव्हाच पुन्हा OK आलं होतं. BARA प्रोग्राममध्ये कुठेच सापडलं नाही. आणि सुषमा अमरावतीची — तिला मालवणी कुठली यायला?

परवा शाळेत कोडिंग शिकणारी नात म्हणाली, "आजी, मेमरीत कचरा आला असेल गं. होतं तसं."

असेलही. मी मान वर न करता एवढंच म्हटलं, "बरां."