उत्तर येईपर्यंत

विनोदिनी दिघे ट्रक चालवते, हे धारमध्ये कोणालाच माहीत नाही. सासूबाईंना नाही, नवऱ्याला नाही, आणि पीथमपुरातल्या ज्या औषधांच्या कारखान्यात तिची अर्धी नोकरी सरली, तिथे तर मुळीच नाही. ट्रक बदामी रंगाचा आहे. मागे काय भरलंय ते तिलाही ठाऊक नाही. मानपूरचा घाट उतरून ती धामनोदच्या अलीकडे एका ढाब्यावर थांबते, बाजेवर पाय पसरून चहा पिते. ओळखीचं कोणी भेटत नाही. डब्यात काय आणलंस, असं कोणी विचारत नाही. ऊन उतरतं, ती पुन्हा गाडीत चढते. मग उत्तर येतं आणि ट्रक असेल तिथे राहतो.

उत्तर म्हणजे कॉम्प्युटरचं. कुठली गोळी कधी बनली, कुठल्या गाडीत चढली, कुठल्या गावच्या दुकानदारानं परत पाठवली, ही कारखान्याची सगळी माहिती वर्षानुवर्षं एका डेटाबेसमध्ये साठत आलेली. ऑफिसात त्याला वेअरहाउस म्हणतात. खऱ्या गोदामात खोकी असतात, इथे नुसते आकडे. विनोदिनीचं काम त्या गोदामाला प्रश्न विचारायचं. गेल्या पाच पावसाळ्यांत खोकल्याचं औषध कुठे जास्त गेलं? असा मोठा प्रश्न टाकला की जुना डेटाबेस बारा-तेरा मिनिटं घ्यायचा. पडद्यावर एक चक्र फिरत राहायचं. तेवढ्यात तिला कोणी दुसरं काम सांगू शकत नसे, कारण ती कामावरच होती. आणि तिला काही करताही येत नसे. खिडकीबाहेर निलगिरीची रांग होती. तिकडे बघता बघता ती घाटाला लागायची.

मनानं भटकायचं हे वेड ती देवासहून घेऊन आली. माहेरच्या स्वयंपाकघरातून देवीची टेकडी दिसायची. पायऱ्यांवरून चढणारी रंगीबेरंगी माणसं बघत ती गॅसपाशी उभी राहायची, आणि "विने, दूध!" अशी आईची हाक येईपर्यंत निम्मं दूध ओट्यावर आलेलं असायचं. लग्न होऊन धारला आली आणि दूध एकदाही उतू गेलं नाही. सासूबाई जानकीबाई चारचौघींत याचं कौतुक करत. "आमच्या सूनबाईंचं लक्ष म्हणजे लक्ष." कौतुक खरं होतं. या घरात कुठेही बसलं तरी कोणाची तरी हाक पोचत असे, म्हणून विनोदिनी बसतच नसे.

या उन्हाळ्यात ऑफिसनं डेटाबेस बदलायचं काढलं. नवा आधी तोलून बघायचा, जुन्याच्या शेजारी ठेवून, तोच डेटा घालून, तेच प्रश्न विचारून. प्रश्न विनोदिनीला पाठ, म्हणून काम तिच्याकडे आलं. नव्याची रीत वेगळी होती. जुन्याला नुसतं गाव विचारलं तरी तो प्रत्येक नोंद मुळापासून शेवटापर्यंत वाचायचा. नव्यात मिसळणाच्या डब्यासारखं होतं, गावं एका वाटीत, तारखा दुसऱ्या वाटीत. हळद हवी तर मोहरीला हात लावायचं कारण नाही.

चाचणीच्या दिवशी निकाल विचित्र आला. नव्यानं मोठ्या प्रश्नाला पाऊण मिनिट घेतलं, तर जुन्यानं जेमतेम सव्वा मिनिट.

"हे काय हो मॅडम?" भास्कर म्हणाला. तो तिचा साहेब, वयानं दहाएक वर्षांनी धाकटा. "फरकच नाही काही! मग कशाला पैसे घालायचे? हे सगळे उगाच रडून राहिले, मशीन स्लो है, मशीन स्लो है. ती डिस्पॅचची जया तर रोज. सांगा तिला, मशीन चांगली आहे, टाइमपास कमी कर म्हणावं."

विनोदिनीनं पडद्यावरचे दोन्ही आकडे पुन्हा पाहिले. काय झालं होतं ते तिला तेव्हाच कळलं होतं. सकाळी रोजच्या कामासाठी तिनं जुन्याला हेच प्रश्न विचारले होते. माळ्यावरचं मोठं पातेलं एकदा खाली काढलं की दुसऱ्यांदा ते ओट्यावरच सापडतं. जुन्याला सकाळचं सगळं आठवत होतं, हाताशी होतं. नव्याला मात्र थेट माळ्यावर चढवलं होतं. ती आठवण पुसून मगच वेळ मोजायचा, हा चाचणीचा पहिला नियम, आणि तोच ती विसरली होती. ठरवून विसरली नव्हती. पण आता आठवून गप्प बसली, ते मात्र ठरवून.

ट्रक वाचला, असं तिच्या मनात आलं.

संध्याकाळी ती धारच्या बसमध्ये बसली. शेजारची जागा जयाची. जया अमझेऱ्याहून यायची, धारला उतरून पुढची गाडी धरायची. घरी लहानगी चिऊ शेजारणीकडे. बस सुटायच्या बेतात जयाचा फोन आला.

"ताई, थांबवा ना ड्रायव्हरला! सगळी तयारी झाली, फक्त उत्तर आलं नाही. चक्रच फिरून राहिलं!"

"भैया, दोन मिनिट," विनोदिनी म्हणाली.

"मैडम, रोज-रोज एक सवारी के वास्ते सबको लेट करूँ क्या?"

बस निघाली. वळणावर खिडकीतून तिला डिस्पॅचचं दार दिसलं. जया पर्स खांद्याला लावून दारातच उभी होती, मान आत पडद्याकडे, पाय बाहेर. निघायच्या अर्ध्या तासाआधी विनोदिनीनं जुन्याला दुसराच एक मोठा प्रश्न टाकला होता. तो चालू असला की मागचे इतरांचे सगळे प्रश्न रांगेत ताटकळत. हेही तिला माहीत होतं. फक्त त्या वेळी ती धामनोदला असायची.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं सवयीनं प्रश्न टाकला आणि निलगिरीकडे पाहिलं. घाट लागला. वळणं ओळखीची होती, पळस, कठडा, वानरं. मग एका वळणावर जया उभी होती, हात वर करून, पर्स खांद्याला. विनोदिनीनं ब्रेकवर पाय दिला. ब्रेक लागेना. ट्रक आपोआप, आवाज न करता पुढे गेला, आणि पुढच्या वळणावर पुन्हा जया. त्याच्याही पुढच्या वळणावर जया. ऊन सारखं, हात सारखाच वर.

उत्तर यायच्या आत ती उठून भास्करच्या टेबलाशी गेली.

"सर, कालची चाचणी चुकली."

"कुठे चुकली? मी तर मेल टाकून बसलो वरती!"

तिनं काय झालं ते सांगितलं. पातेलं, माळा, सगळं.

"अहो, मग काल का नाही बोलल्या?"

"काल मला जुनाच हवा होता."

"तुम्हाला? त्या कासवात आहे काय एवढं?"

"सवय," ती म्हणाली.

चाचणी पुन्हा झाली. प्रत्येक प्रश्नाआधी दोघांची आठवण पुसून. जुन्याला मोठा प्रश्न टाकला, चक्र फिरू लागलं. निदान आज ट्रक एखाद्या सावलीत नीट लावून ठेवावा, असं तिला वाटत होतं. पण भास्कर शेजारी खुर्ची ओढून बसला आणि तेरा मिनिटं पीएफविषयी बोलत राहिला. नव्यानं पुन्हा पाऊण मिनिट घेतलं. तोच प्रश्न लगेच दुसऱ्यांदा विचारला, तर तीन सेकंद. चक्र नीट दिसलंसुद्धा नाही.

महिन्याभरात नवा आला. जया बसमध्ये वेळेवर दिसू लागली. पहिल्या दिवशी तिनं विनोदिनीच्या हातावर मिठाई ठेवली, मावाबाटी. "ताई, चिऊ विचारते, मम्मी, आज तू खरंच उजेडात आलीस?"

भास्करनं विनोदिनीला बोलावलं. "मॅडम, तुमचा दिवसाचा किती वेळ वाचला! आता रिटर्नचा आणि स्टॉकचा, दोन्ही रिपोर्ट तुमच्याकडेच घ्या."

तिनं घेतले. दिवस भरला, एखाद्या पिशवीत आणखी दोन जुड्या कोंबाव्यात तसा. निलगिरीची रांग होती तिथेच होती, तिकडे बघायला मान वळत नव्हती. तीन सेकंदांत माणूस घाटापर्यंतही पोचत नाही. दोन आठवड्यांनी तिचं डोकं दुखू लागलं. मग घरी चिडचिड सुरू झाली. भाजी खारट झाली, तेव्हा नवरा उमाशंकर ताटावरून म्हणाला, "ऑफिसात फास्ट मशीन आली ना तुमच्या? आता तर आराम हवा!"

तिनं त्याच्या ताटात दही वाढलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती घरी आली, पर्स खुंटीला अडकवली आणि स्वयंपाकघराकडे न वळता जिन्याशी उभी राहिली.

"आई, मी जरा गच्चीवर बसतेय."

जानकीबाई वाती वळत होत्या. "वाळवण आणायला?"

"नाही. नुसती."

"नुसती म्हणजे? बरं नाही का वाटत?"

"बरी आहे. काही करणार नाहीये. अर्धा तास मला कोणी हाक मारू नका."

हे वाक्य या घरात आजवर कोणी उच्चारलं नव्हतं. जानकीबाईंनी तिच्याकडे वर मान करून पाहिलं.

"काही करायचं नाही, तर त्याला गच्ची कशाला लागते?" त्या म्हणाल्या. आणि मग, वातीकडेच बघत, "चटई ने. फरशी तापलेली असेल."

वर ऊन उतरलं होतं. किल्ल्याच्या बाजूनं वारा येत होता. विनोदिनी चटईवर बसली. आधी उद्याची मटकी भिजवायची आठवली, मग रिटर्नचा रिपोर्ट. मग तेही सरलं आणि आकाशाचा रंग दूध घातलेल्या चहासारखा होत गेला.

खाली फाटक वाजलं. उमाशंकरचा आवाज आला. "विनू कुठाय?"

"वर आहे."

"काय करून राहिली वर?"

"मला सांगितलं नाही. तूही विचारू नकोस. हात-पाय धू, चहा मी टाकते."

जानकीबाईंनी कित्येक वर्षांत चहा टाकला नव्हता. फळीवर डबे सरकू लागले. एक उघडला, बंद झाला, दुसरा उघडला. कुठला डबा उघडला जातोय ते विनोदिनीला वरून झाकणाच्या आवाजावरून कळत होतं, आणि तो मिठाचा होता.

ती उठली नाही.