आमच्या विहिरीचं पाणी आणि विलायती गाडी

लग्न होऊन बायको नागावात आली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तिने चहा केला, एक घोट घेतला आणि सहज विचारलं, "इथलं पाणी मचूळ आहे का हो?" झालं! माझी आई तिथेच पाटावर बसली होती. विहीर माझ्या वडिलांनी खणलेली. आई पुढचे आठ दिवस सुनेशी बोलली नाही. मग मी मधे पडलो आणि निकाल देऊन टाकला, "पाणी चांगलं गोडं आहे. तुला म्हसळ्याच्या पाण्याची सवय, म्हणून तसं वाटतं."

हा निकाल तिने सत्तावीस वर्षं मानला नाही. डाळ शिजली नाही की ती माझ्याकडे बघायची. साबणाला फेस आला नाही की बघायची. पातेल्याच्या बुडाला पांढरा थर धरला की ते पातेलंच माझ्यासमोर आणून ठेवायची. मी म्हणायचो डाळ जुनी आहे, साबण हलका आहे, पातेलं नीट घासत नाहीस. तिला दुसरी विहीर नको होती, टाकी नको होती. ती म्हणायची, "तुम्ही एकदा हो म्हणा. आहे मचूळ, एवढंच म्हणा. मग मी जन्मात विषय काढणार नाही."

पण मी कसला म्हणतोय! मी एसटीचा ड्रायव्हर. तीस वर्षं अलिबाग-मुरुड रस्त्यावर गाडी मारली. अरुंद वळणावर समोरून कोणीही येवो, मागे घ्यायची ती त्याने. घरातही माझी तीच रीत होती. आई तीन वर्षांपूर्वी गेली, तरी मी रिव्हर्स टाकला नाही.

आता गाडीचं सांगतो. रेवदंड्याच्या पुलाच्या अलीकडे मला आठवड्यातून दोनदा तरी एक गाडी समोरून भेटायची. बाटलीसारखी हिरवी, दोनच माणसं बसतील अशी, डोक्यावर छप्पर नाही, पुढे हे लांबलचक बॉनेट आणि चाकांना सायकलसारख्या तारा. मी एवढा उंच बसलेला की मला फक्त आतल्या म्हाताऱ्याचं टक्कल दिसायचं. तो हात वर करायचा, मीही करायचो. माझ्या मागे साठ माणसं, मासळीच्या पाट्या, कोणाची तरी उलटी चाललेली, आणि हा बाबा एकटा वारा खात निघालेला. खोटं कशाला बोलू, जळायचो मी.

म्हातारा बोटीवरचा इंजिनियर होता, आमच्याच गावात बंगला बांधून राहिलेला. मी रिटायर झालो त्या वर्षी त्याने निरोप पाठवला. गेलो तर म्हणाला, "ड्रायव्हर, मला हिच्यात बसता येतं, पण उठता येत नाही. दोन माणसं लागतात ओढून काढायला. तुम्ही घेता का?" तीस वर्षं हात करणारा माणूस गाडी नीट चालवील, एवढाच त्याचा हिशोब. मी घरी विचारायलासुद्धा आलो नाही. तिथल्या तिथे हो म्हणून टाकलं.

गाडी विलायतेत बनलेली आणि माझ्याहून दोन वर्षांनी मोठी. चावी देताना म्हाताऱ्याने एकच गोष्ट बजावली, "हवेतलं मीठ हिला खाऊन टाकील. रोज गोड्या पाण्याने धुवायची. खालूनसुद्धा." मी म्हटलं, "त्याची काळजीच सोडा. आमच्या विहिरीचं पाणी एक नंबर." तो स्वतः पावसाचं पाणी टाकीत साठवायचा, ते संपलं की टँकर मागवायचा. त्यावरून आम्ही गाववाले त्याची टिंगल करायचो.

गाडी दारात आणली तेव्हा बायको तुळशीपाशी उभी होती. तिने पुढून पाहिलं, मागून पाहिलं आणि म्हणाली, "बाकीची कुठे आहे?" तरी आरती आणली, चाकाखाली लिंबू ठेवलं. नारळ बॉनेटवर ओवाळला, फोडला मात्र पायरीवर. मग साडी सावरत ती आत उतरली. हो, उतरलीच. त्या गाडीत चढत नाहीत, उतरतात. मी किल्ली फिरवली, चोक ओढला, इंजिन खोकलं आणि एकदम असं गुरगुरलं की शेजारच्या वाडीतले कावळे उडाले. बायको हसायला लागली. तिला तसं हसताना मी कैक वर्षांत पाहिलं नव्हतं.

पुढचं दीड वर्ष फार सुखाचं गेलं, हे मी कोणापुढेही कबूल करीन. संध्याकाळी उन्हं उतरली की आम्ही आक्षीपर्यंत नाहीतर रेवदंड्यापर्यंत चक्कर मारायचो. बाजूने एसटी गेली की तिचं चाक माझ्या कानाशी यायचं, आणि वरून जुने सोबती खिडकीतून डोकं काढून ओरडायचे, "काय ड्रायव्हरसाहेब, गाडी धुण्यात आटली काय?" गाडीचे नखरे तर विचारू नका. जिथे उभी करावी तिथे तेल गाळायची. बायकोने तिच्यासाठी एक जुनी परात काढून दिली. पावसाचे चार थेंब पडले की दिवे जायचे. आमच्या दोन खोल्या पर्यटकांना देतो, ते पाहुणे समुद्राचे कमी आणि गाडीचेच फोटो जास्त काढायचे. एक तर म्हणाला, काका, विकता का? त्याला मी असा झापला की त्याने दुसऱ्या दिवशी नाश्तासुद्धा मुकाट्याने खाल्ला.

आणि धुवायचो किती! रोज सकाळी विहिरीवरून दहा बादल्या. वरून, खालून, चाकांच्या तारांमधून, दाराच्या फटीतून. नारळीच्या मुळांना आळ्यात पाणी सोडतात तसं सढळ हाताने सोडायचो. रेडिएटरमध्येही तेच पाणी. वर ताडपत्री घालून बांधून ठेवायचो, धूळ नको म्हणून. बायको दारातून बघायची आणि म्हणायची, "आपल्या पाण्याने नका हो धुऊ." मी म्हणायचो, "तू तुझा चहा बघ."

यंदा फेब्रुवारीत एकदा बाजारातून परत येत होतो. तिच्या मांडीवर सुरमईची पिशवी. वाटेत खड्डा आला, गाडी आपटली, कर्र असा आवाज झाला. मी आपला चालवतोय. ती शांतपणे म्हणाली, "अहो, माझा पाय रस्त्याला लागतोय."

मला वाटलं चेष्टा करतेय. बघतो तर खरंच! पायाखालचा पत्रा पापडासारखा मोडून टाच खाली गेली होती, आणि ती दोन्ही हातांनी पाय वर धरून बसली होती. पिशवी मात्र सोडली नव्हती. तिला खरचटलं होतं, रक्त आलं होतं. पाय आधी बघू की गाडी आधी बघू, हे मला दोन क्षण कळलं नाही, आणि ते तिला दिसलं.

मुरुडचा एक मिस्त्री आहे. आखाती देशात बारा वर्षं जुन्या गाड्या दुरुस्त करून आलेला, आता होड्यांची इंजिनं करतो. तो दुसऱ्या दिवशी आला. आतल्या चटया काढल्या, गाडीखाली झोपला, स्क्रूड्रायव्हरने टोचत सुटला. जिथे टोचावं तिथे भोक. मग रेडिएटरचं झाकण उघडलं. आत पांढरा थर, पातेल्याच्या बुडाला असतो तसाच.

"या अल्ला," तो म्हणाला, "हिला समुद्रात घातली होती काय?"

"तोंड सांभाळून बोल," मी भडकलो. "रोज धुतो मी हिला. दहा बादल्या. गोड्या पाण्याने."

त्याने हात पुसले, विहिरीवर गेला, बादलीत ओंजळ घालून एक घोट घेतला आणि थुंकला. मग माझ्याकडे न बघता मागे उभ्या असलेल्या बायकोला म्हणाला, "भाभी, हे पाणी तुम्ही पिता?"

"सत्तावीस वर्षं," ती म्हणाली.

मिस्त्रीने मग नीट समजावलं. पाणी मचूळ, म्हणजे त्यात मीठ आहेच. तेच मी फटीफटीत ओतलं आणि वर ताडपत्री बांधून ते आत कोंडून ठेवलं. हवेने दहा वर्षांत केलं नसतं ते मी दीड वर्षात केलं. चासी, म्हणजे खालचा सांगाडा, वाचली होती, ते नशीब. मी खाली मान घालून उभा. शेवटी म्हणालो, "मिस्त्री म्हणतोय तर असेल मचूळ."

मला वाटलं ती खूश होईल. कसलं काय! तिचे डोळे भरले. "मिस्त्री म्हणतोय म्हणून होय?" ती म्हणाली. "पत्र्याला भोक पडलं तेव्हा तुमचा विश्वास बसला. मी रोज सांगत होते, ते काहीच नव्हतं?" आणि आत निघून गेली. मिस्त्री नको तितका वेळ चटया गुंडाळत बसला.

गाडी मुरुडला गेली ती तीन महिने. या तीन महिन्यांत बायको माझ्याशी बोलायची, जेवायला वाढायची, पण पाण्याचा विषय काढायची नाही. पूर्वी ती भांडायची तेव्हा बरं वाटायचं, हे मला तेव्हा समजलं. घर अगदी चिडीचूप झालं.

मिस्त्रीने गाडीला नवा तळ जोडला, रेडिएटर साफ केला आणि सांगितलं, "आता एक लांब फेरी मारा, काही कुरकुरलं तर कळेल." मी बायकोला म्हटलं, "म्हसळ्याला जाऊ. तुझ्या माहेरी." ती तयार झाली. आगरदांड्याला फेरीबोटीत गाडी चढवली, दिघीला उतरवली. बोटीवर लोक गाडीभोवती जमले, एका आजोबांनी तर चाकाच्या तारा मोजल्या. ती खाडीकडे तोंड करून उभी राहिली.

तिच्या भावाच्या घरामागे विहीर आहे. पोचल्या पोचल्या ती थेट तिकडे गेली, पोहरा सोडला, पाणी काढलं आणि तांब्या माझ्या हातात दिला. "प्या," म्हणाली. "आणि खरं सांगा."

मी प्यायलो. अर्धा तांब्या प्यायलो. ती माझ्या तोंडाकडे बघत होती. खोटं बोलणं अगदी सोपं होतं. काय अमृत आहे, म्हणून मोकळा झालो असतो. पण तिने खरं सांगायला सांगितलं होतं.

"काहीच लागत नाही गं," मी म्हणालो. "अळणी आहे. डाळीत मीठ विसरावं तसं."

तिने पोहरा काठावर ठेवला. "म्हणजे घरचं पाणी तुम्हाला खरंच गोडं लागतं?"

"मग काय इतकी वर्षं खोटं बोलत होतो?"

"हो," ती म्हणाली. "मला तेच वाटत होतं. तुम्हाला कळतंय, पण आईंपुढे बोलवत नाही, म्हणून मला खोटं पाडताय. आई गेल्या तरी पाडताय."

माझ्या मनात हे कधी आलंच नव्हतं. मला वाटायचं हट्टी ती, आणि ती मात्र एका खोटारड्याशी संसार करतेय असं समजून रांधत, वाढत, माझ्या शेजारी बसून हसत आली होती. मी लहानाचा मोठा झालो त्याच पाण्यावर, माझ्या जिभेला त्यातलं मीठ काय कळणार? तिची जीभ चांगली होती, आणि मी तिलाच गप्प केलं होतं.

"ऐक," मी म्हणालो. "मला अजूनही लागत नाही. मिस्त्रीचं सोड, गाडीचं सोड. तू म्हणतेस ना, मग आपलं पाणी मचूळ आहे. पहिल्या दिवसापासून होतं."

ती काठावर बसली आणि पदर तोंडाला लावून रडायला लागली. चांगली हुंदके देऊन. आवाज ऐकून तिची वहिनी हात पुसत धावत आली. मी गुन्हेगारासारखा तांब्या धरून उभा. वहिनीने माझ्याकडे रागाने पाहिलं आणि तिला विचारलं, "काय झालं वन्सं? काय म्हणाले भावोजी?"

"हो म्हणाले," ती डोळे पुसत म्हणाली. "एकदाचं हो म्हणाले."