भारी गाडी, हलकी गाडी

मी शाळेत मराठी शिकवते. त्यामुळे घरात कुठलाही इंग्रजी शब्द अडला की तो माझ्या दारात येतो. त्या संध्याकाळीही तसाच आला. माझी भाची, म्हणजे थोरल्या भावाची मुलगी, इंजिनिअर झालेली. तिनं सगळ्यांना हॉलमध्ये बसवून सांगितलं की तिला दोन ठिकाणांहून नोकरीचं बोलावणं आलंय. चेन्नईजवळच्या एका टीमकडे जीटी रेसकार आहेत, प्रचंड ताकदीच्या. कोइमतूरच्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये लाइटवेट ट्रॅक कार बनवतात. तिला कोइमतूरला जायचंय, आणि पुढच्या सोमवारी उत्तर द्यायचंय.

दादानं माझ्याकडे बघून विचारलं, "लाइटवेट म्हंजे काय गं?"

मी चहा पीत होते. काडीचाही विचार न करता म्हणाले, "हलकी गाडी."

त्याच वेळी वहिनी मोबाईलवर दोन्ही गाड्यांचे फोटो बघत होती. जीटीवर बोट ठेवून म्हणाली, "ही लई भारी दिसती बाई." झालं. एक भारी, एक हलकी, असा निकाल लागून गेला. दादानं कप खाली ठेवला आणि विचारलं, "एवढं शिकवलं, आन् पोरगी हलक्या गाडीवर जानार व्हय?"

आयुष्यभर ज्या भाषेचं गुणगान केलं, तिनं ऐन वेळी माझाच पाय ओढला. विचार करा. आपल्याकडे साडी भारी, जेवण भारी, माणूस वजनदार. आणि हलकं काय? हलका माल, हलक्या कानाचा माणूस, हलकटपणा. मन तेवढं हलकं झालेलं चालतं आपल्याला, तेही रडून झाल्यावर. या भाषेत गाडीचं कमी वजन हा तिचा गुण आहे हे सांगायचं कसं?

मी दुसऱ्या दिवशी नव्यानं सुरुवात केली. "कमी वजनाची गाडी" म्हणाले, तर दादा म्हणाला, "म्हंजे पत्रा पातळ." "चपळ गाडी" म्हणाले, तर म्हणाला, "चपळ तर उंदीर पन असतो." वैतागून मूळ शब्दावर आले आणि "लाइट गाडी" म्हणाले, तर वहिनीनं स्वयंपाकघरातून विचारलं, "म्हंजे लाइटीवर चालती का? चार्जिंगची?" मी कपाळाला हात लावला.

तोवर बातमी नातेवाइकांत पोचलीच होती. मुकुंदवाडीहून मावशीचा फोन आला. पोरीला हलकं काम लागलं म्हणे, बरंच झालं, फार दगदग नको पोरीच्या जातीला. मी मावशीला समजावलं नाही. माझ्यात तेवढा जीव उरला नव्हता.

भाची माझ्यापेक्षा शांत. तिनं दादाला एकाच ट्रॅकवरचा दोन्ही गाड्यांचा व्हिडिओ दाखवला आणि थांबवून थांबवून समजावलं. जीटी म्हणजे बंद गाडी. वर छत, आत लोखंडी पिंजरा, रुंद टायर, मागे पंख. ताकद एवढी की सरळ रस्त्यावर तिला तोड नाही. पण तेवढं धूड वळणाआधी आवरायचं म्हणजे ब्रेकही तसेच दणकट लागतात, आणि टायर बघता बघता झिजतात. दुसऱ्या गाडीला छत नाही, दारं नाहीत, पुढची काच नाही, इंजिन मोटरसायकलचं. तिची ताकद कमी, पण ओढायलाच काही नाही म्हटल्यावर ताकद लागते कशाला? ती उशिरा ब्रेक मारते, वळणात वेग टिकवते. व्हिडिओत दर वळणावर छोटी गाडी मोठीला गाठत होती, आणि सरळ रस्ता आला की मोठी गर्जना करत निघून जात होती.

"चेन्नईत मी ट्रॅकच्या कडेच्या भिंतीपाशी लॅपटॉप घेऊन उभी राहणार," भाची म्हणाली. "गाडी चालवणारे वेगळे, जोडणारे वेगळे, मी नुसते आकडे बघायचे. कोइमतूरला चारच माणसं आहेत. ज्यानं गाडीचं सस्पेन्शन जुळवलं त्यानंच ती ट्रॅकवर फिरवून बघायची."

दादानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "सरळ रस्त्यावर कोन पुढं गेलं ते सांग."

"जीटी. पण वळणावर..."

"वळनावर काय, औरंगपुऱ्यात रिक्षावाला पन माझ्या पुढं जातो. आन् इंजिन मोटरसायकलचं? मोटरसायकलचं?"

तो उठून गेला. चेन्नई काय नि कोइमतूर काय, दोन्ही सारखीच लांब, तेव्हा अंतराचं कारण नव्हतं. त्याचा सगळा हट्ट त्या एका शब्दाला धरून बसलाय असंच मला वाटत होतं. आठवडाभर मी दादाशी भांडले, वहिनीशी भांडले, आणि मनातल्या मनात मराठी भाषेशी भांडले. भाची रोज मेल उघडायची, उत्तर न लिहिता बंद करायची. बापाला डावलून जायची तिची तयारी नव्हती, आणि त्याचा मला सगळ्यांत जास्त संताप येत होता.

रविवारी खुलताबादच्या शेतावरून ज्वारी आणायची होती. दादाची गाडी मोठी, पांढरी, उंच. चढताना मला दरवेळी साडी सावरावी लागते. येताना डिकीत पोती रचली आणि वर सीताफळांच्या दोन पाट्या. दादा चालवत होता, भाची शेजारी, मी मागे. घाट सुरू झाला आणि दादानं नेहमीसारखं केलं. गिअर काढला, गाडी न्यूट्रलवर सोडली.

"पप्पा, गिअरमध्ये ठेवा, सगळा भार ब्रेकवर येतो," भाची म्हणाली.

"उतार हाये. फुकट डिझेल कशाला जाळायचं?"

दोन वळणं गेली आणि गाडीत करपल्याचा वास भरला. भाची म्हणाली, ब्रेक तापलेत. दादा म्हणाला, कुणीतरी रानात काडीकचरा पेटवलाय. मी बाहेर बघितलं. कुठंही धूर नव्हता. तिसऱ्या वळणावर त्याला ब्रेक पायाखाली मऊ लागला असावा, कारण त्यानं गुपचूप गिअर टाकला आणि पुढच्या रुंद जागी गाडी कडेला घेतली.

चाकांतून उष्ण हवा येत होती. आम्ही उतरून उभे राहिलो. मला एवढा राग आला होता की मी आयती संधी सोडली नाही. "बघ," मी म्हणाले, "ही तुझी भारी गाडी. पळवायला सोपी, थांबवायला अवघड. पोरगी हेच सांगतेय आठवडाभर, आणि तू एका शब्दाला धरून बसलायस. हलकी म्हणजे कमी दर्जाची नव्हे रे दादा, किती वेळा सांगू?"

"कळतंय मला," दादा म्हणाला.

"काय कळतंय?"

"हलकी म्हंजे काय ते. लहान हाये का मी?" तो माझ्याकडे बघत नव्हता. त्यानं भाचीला विचारलं, "त्या गाडीचं छत काढलं. दारं काढली. काच काढली. शेजारची सीट पन काढली का?"

"ती बसवतच नाहीत, पप्पा. तिचंही वजन होतं ना."

दादानं गाडीतल्या पुढच्या डाव्या सीटकडे बघितलं. तो बापुडवाणा दिसत होता, आणि माझ्या या भावाला मी तसं कधी पाहिलं नव्हतं. गाडी त्यानंच शिकवली होती तिला. लायसन्स मिळून वर्षं झाली तरी ती चालवायला बसली की हा शेजारी बसणार, नसलेल्या ब्रेकवर पाय आपोआप दाबत राहणार, उजवा हात हँडब्रेकजवळ. आम्ही त्यावरून त्याची किती थट्टा केली होती. आठवडाभर मी त्याला शब्द समजावत होते, आणि त्याला तो पहिल्याच दिवशी माझ्यापेक्षा नीट समजला होता. भीती वाटते असं सरळ म्हणायला काय झालं होतं या माणसाला? एवढा मनस्ताप, एवढी भांडणं, तेवढं एक वाक्य बोलायचं नाही म्हणून. त्याला धरून गदागदा हलवावं असं वाटलं मला, आणि त्याच वेळी रडूही आलं.

"हेल्मेट असतं," भाची हळू आवाजात म्हणाली. "पट्टे असतात, सहा. डोक्यामागे मजबूत लोखंडी कमान असते. आणि पप्पा, ती मी जुळवलेली असेल. मला तिचं सगळं माहीत असेल."

"व्हय," दादा म्हणाला. "ते खरं."

चाकं निवायला वेळ लागला. तेवढ्या वेळात त्यानं एक सीताफळ फोडलं, आम्हाला दोघींना दिलं, स्वतः खाल्लं नाही. मग खिशातून चावी काढून तिच्या हातात ठेवली. "ने खाली. तुझ्या पद्धतीनं ने. आन् घरी गेल्यावर त्या लोकान्ला कळवून टाक."

ती चालवायच्या जागी बसली, सीट पुढे ओढली, आरसा खाली केला. मी सवयीनं मागचं दार उघडून आत सरकले. दादा गाडीला वळसा घालून पुढच्या दारापाशी आला, तिथं जरा थांबला, आणि मग मागचं दार उघडून माझ्या शेजारी येऊन बसला.

"पप्पा, पुढं बसा ना," भाची म्हणाली.

"नको. सवय करू दे मला," दादा म्हणाला.

ती दुसऱ्या गिअरमध्ये गाडी उतरवत होती. दादानं पूर्ण घाटभर माझा हात घट्ट धरून ठेवला होता, आणि पुढची सीट रिकामी होती.